पिंजऱ्यासमोर बसलेला बुगाटी

बुगाटी हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत असणार. कुणाच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर ती गाडी असेल, कुणी गेममध्ये पळवली असेल, कुणाच्या हॉस्टेलच्या भिंतीवर तिचं पोस्टर असेल. तिचा वेग, तिचं इंजिन आणि तिची किंमत यावर कॅन्टीनमध्ये तासभर वाद घालणारा एक तरी मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. आज गोष्ट सांगायची आहे ती मात्र गाडीवाल्या बुगाटीच्या धाकट्या भावाची.

सुरुवात गाडीपासूनच करू. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात बुगाटी कंपनीने ‘रॉयाल’ नावाची एक अवाढव्य गाडी काढली. पावणेतेरा लिटरचं इंजिन, गिऱ्हाईक म्हणून डोळ्यांसमोर थेट राजेरजवाडे. पंचवीस गाड्या करायचा बेत होता. पण जगभर मंदी आली आणि गिऱ्हाईकं मिळाली जेमतेम तीन. आज जगात अशा सहाच गाड्या उरल्यात. या गाडीचा फोटो शोधा आणि तिच्या नाकाडावर, रेडिएटरच्या टोपणावर नीट बघा. मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला, सोंड उंच केलेला एक छोटासा चांदीचा हत्ती तिथे दिसेल.

वेगासाठी नावाजलेल्या गाडीवर हत्ती कशाला? घोडा चालला असता, चित्ता चालला असता. पण कंपनीचा मालक एत्तोरे बुगाटी याने हत्तीच निवडला, कारण तो त्याच्या भावाने घडवलेला होता. भाऊ जाऊन तोवर दहा वर्षं उलटून गेली होती. त्याचं नाव रेम्ब्रांट बुगाटी. शिल्पकार. आयुष्य मिळालं एकतीस वर्षांचं.

नावाचं ओझं

रेम्ब्रांटचा जन्म १६ ऑक्टोबर १८८४चा, इटलीतल्या मिलान शहरातला. वडील कार्लो बुगाटी फर्निचर घडवायचे. पण ते फर्निचर म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतात तशा टेबल-खुर्च्या नव्हेत. चर्मपत्र ताणून बसवलेल्या पाठी, तांब्या-पितळेची जडणघडण, गोगलगाईच्या शंखासारखी वळणं घेणाऱ्या खुर्च्या. १९०२ साली तुरीनच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांनी अख्खी खोलीच अशी सजवली आणि लोक बघत राहिले. आत्या बीचे हिचा जोडीदार जोव्हान्नी सेगांतिनी हा त्या काळचा गाजलेला चित्रकार. आल्प्सच्या उतारावरची गुरं आणि गुराखी हा त्याचा आवडता विषय. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांत पाओलो त्रुबेत्स्कोय हा नामवंत शिल्पकार.

अशा घरात जन्मलेल्या पोराचं नाव रेम्ब्रांट ठेवायचं म्हणजे विचार करा. आपल्याकडे कुणी मुलीचं नाव लता ठेवावं आणि मग तिला गाण्याच्या क्लासला बसवावं, तसलाच प्रकार.

गंमत म्हणजे घरच्यांचा बेत उलटाच होता, असं सांगतात. थोरल्या एत्तोरेने कलावंत व्हायचं आणि धाकट्याने इंजिनीअरिंगकडे जायचं. एत्तोरे कलेचं शिकायलाही लागला होता. पण घरात एक गोष्ट सांगितली जायची. वडिलांच्या कारखान्यात एका कोपऱ्यात ओल्या फडक्याखाली काहीतरी झाकून ठेवलेलं असायचं. एके दिवशी वडिलांनी फडकं उचललं, तर खाली गाईंचा एक घोळका. किशोरवयातल्या रेम्ब्रांटने कुणाला न सांगता घडवलेला. धाकट्याचा हात बघून थोरल्याने आपली वाट बदलली आणि तो यंत्रांकडे वळला. या गोष्टीत घरगुती मीठमसाला किती आहे कोण जाणे, पण पुढे घडलं ते अगदी तसंच. १९०९ साली थोरल्याने मोल्सहाइममध्ये मोटारींचा कारखाना काढला, आणि तोपर्यंत धाकट्याचं नाव पॅरिसच्या कलाजगतात सगळीकडे झालेलं होतं.

एकोणिसाव्या वर्षी करार

१९०३च्या सुमारास हे कुटुंब पॅरिसला आलं. रेम्ब्रांट उंच, सडपातळ, कपड्यांच्या बाबतीत काटेकोर आणि अबोल. त्याचा रुबाब बघून लोकांनी त्याला ‘अमेरिकन’ असं टोपणनाव ठेवलं होतं. हा अमेरिकन रोज सकाळी उठून जायचा मात्र प्राणिसंग्रहालयात. पॅरिसच्या वनस्पती उद्यानातला हा प्राणिसंग्रह अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनचा, जगातल्या जुन्यांपैकी एक.

प्राण्यांची शिल्पं करणारा रेम्ब्रांट हा पहिला नव्हे. त्याच्या आधी दोन पिढ्या आंत्वान-लुई बारी याच बागेत येऊन बसला होता. पण बारीची शिल्पं बघितलीत तर त्यात सतत झटापट दिसेल. वाघाने मगरीला फाडलंय, सिंहाने सापावर पंजा ठेवलाय. त्या काळच्या समीक्षकांनी अशा कलावंतांना चिडवण्यासाठी ‘जनावरवाले’ म्हणावं तसं एक नाव दिलं होतं. देव, राजे, सेनापती सोडून जनावरं काय घडवता, असा त्यातला सूर. म्हणजे प्राण्याला कलेत जागा हवी असेल तर त्याने भयंकर तरी असलं पाहिजे, नाहीतर कुणा सेनापतीला पाठीवर घेऊन उभं तरी राहिलं पाहिजे.

रेम्ब्रांटच्या बहुतेक शिल्पांत यातलं काहीच होत नाही. एकामागून एक दोन बिबटे चाललेत. जिराफाने मान खाली घातलीय. मुंगीखाऊ आपलं लांबलचक नाकाड जमिनीशी धरून उभा आहे. गाडीला जुंपलेले थकलेले घोडे दहा मिनिटांच्या विश्रांतीत नुसते उभे आहेत. शिल्पाचं नावही तेच, दहा मिनिटं विश्रांती. १९०७ सालच्या एका शिल्पात हत्ती पुढे झुकून सोंड जमेल तितकी लांब करतोय. त्याला काय हवंय ते शिल्पात नाहीच, ते पलीकडे कुठेतरी आहे. या शिल्पाचं नाव फ्रेंचमध्ये जे आहे त्याचा अर्थ साधारण असा, की पोचेल तो तिथवर. ज्याने तासन् तास बसून एका हत्तीची ती खटपट बघितली असेल, त्यालाच हे नाव सुचणार.

१९०४ साली, जेमतेम एकोणीस वर्षांचा असताना, एब्रार नावाच्या गॅलरीवाल्याने त्याच्याशी करार केला. एब्रारची स्वतःची ओतशाळा होती आणि तिथला मुख्य ओतारी होता आल्बिनो पालाझ्झोलो. पुढे एदगार दगाच्या जगप्रसिद्ध नर्तकी ब्राँझमध्ये ओतल्या गेल्या त्या याच ओतशाळेत, याच पालाझ्झोलोच्या देखरेखीखाली.

अंगठ्याचे ठसे

त्याची काम करायची पद्धत कळली तर ही शिल्पं जास्त भिडतात, म्हणून थोडं तंत्राबद्दल.

रेम्ब्रांट स्टुडिओत बसून, फोटो समोर ठेवून काम करत नसे. तो पिंजऱ्यासमोर बसायचा. दिवसचे दिवस नुसतं बघायचा. तो प्राणी कसा उठतो, पाण्याकडे कशा चालीने जातो, कंटाळला की कुठल्या पायावर भार टाकतो. आणि मग कधीतरी, तो सगळा प्राणी डोळ्यांत उतरला की, प्लॅस्टिलिन म्हणजे तेलात मळलेली, न वाळणारी माती घेऊन तिथेच, झपाट्याने, बहुतेक वेळा एका बैठकीत तो घडवून टाकायचा. नंतर घासूनपुसून गुळगुळीत करायचा सोस नाही. मातीत अंगठा दाबला तसाच राहिला, बोटाने लाट ओढली ती तशीच राहिली.

मग काम ओताऱ्याकडे. मूळ नमुन्याचा साचा घ्यायचा, साच्यातून आतून पोकळ अशी मेणाची प्रत काढायची, त्या मेणाला आतून-बाहेरून आग सोसणाऱ्या मातीचं लेपण करायचं आणि भट्टीत घालायचं. मेण वितळून वाहून जातं, मागे रिकामी जागा उरते. त्या पोकळीत तांबं आणि कथील यांचा वितळलेला रस, म्हणजे ब्राँझ, ओतायचा. निवल्यावर बाहेरचं कवच फोडायचं. ही विद्या आपल्याला नवी नाही. बस्तरचे ढोकरा कारागीर आजही याच तत्त्वावर हत्ती-घोडे ओततात आणि बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणाने मूर्ती ओतायची ही रीत लिहून ठेवलेली आहे.

या पद्धतीचा एक गुण असा की मेणावर जे उमटलं ते धातूवर उतरतं. त्यामुळे रेम्ब्रांटच्या बिबट्याच्या पाठीवर, हत्तीच्या कानामागे आजही त्याच्या बोटांच्या खुणा दिसतात. एका माणसाने एका विशिष्ट दिवशी एका विशिष्ट प्राण्याकडे बघत जो अंगठा दाबला, तो शंभरावर वर्षं तसाच आहे.

अँटवर्पचे दिवस

१९०७च्या आसपास रेम्ब्रांट बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात राहू लागला. कारण सरळ होतं, तिथलं प्राणिसंग्रहालय. १८४३ सालचं, शहराच्या मधोमध, रेल्वे स्टेशनला अगदी खेटून. तिथली संस्था कलावंतांना मनापासून जागा द्यायची. रेम्ब्रांटला तिथे काम करायची मोकळीक मिळाली, रखवालदारांशी ओळखी झाल्या, प्राण्यांनाही हा रोज येणारा उंच माणूस सवयीचा झाला.

इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. हे प्राणी आले कुठून? अँटवर्प हे मोठं बंदर आणि बेल्जियमच्या हातात आफ्रिकेतला काँगो. रबर, हस्तिदंत आणि जिवंत प्राणी सगळं बोटीने यायचं. इतकंच कशाला, १८९४ साली याच शहरातल्या प्रदर्शनात काँगोतली माणसंही आणून, त्यांचं ‘गाव’ उभारून, तिकीट लावून दाखवली होती. पिंजऱ्यामागे ही सगळी सत्ता होती. रेम्ब्रांटने तिच्याविरुद्ध काही आवाज उठवला, असं नाही. त्याचं पोट त्याच पिंजऱ्यांवर चालत होतं. तुम्हाला हे खटकलं तर खटकू द्या. खटकायलाच हवं.

पण त्याच्या शिल्पांत एक गोष्ट बघा. त्यात गज नाहीत. रखवालदार नाही, तिकीट काढून आलेली गर्दी नाही. सिंह आहे तर फक्त तोच एक सिंह आहे, जातिवंत सिंहाचा नमुना नव्हे. १९०९-१०च्या सुमाराचं त्याचं हमाद्रायस बबून माकडाचं शिल्प बघाल तर खांद्यांवरची ती जड आयाळ आणि रोवलेले पाय बघून, माकड म्हटल्यावर आपल्याला जे हसू येतं ते विरून जातं. एखाद्या ज्येष्ठ माणसासमोर आपण आपसूक आवाज खाली आणतो ना, तसं वाटतं. १९१३ सालच्या मोठ्या वाघाच्या शिल्पाचंही तेच. माणूस शिल्पात कुठेच नाही, आणि तरी हे शिल्प माणूस आणि प्राणी यांच्यातल्या नात्याचंच आहे. कारण तो प्राणी कुणीतरी आपल्याकडे बघतंय हे जाणून तसा उभा आहे, आणि बघणाऱ्यावर त्याचा राग नाही.

काही हरणं तर त्याने स्वतःच्या स्टुडिओत आणून पाळली होती. त्यांना खाऊ घालणं, साफसफाई, सगळं स्वतः. त्यांच्या शिल्पाला त्याने नाव दिलं, माझी हरणं. बाकीच्या शिल्पांच्या नावांत प्राण्याची जात असते, तो काय करतोय ते असतं. इथे ‘माझी’ हा शब्द आला.

१९११ साली फ्रान्सने त्याला ‘लीजन ऑफ ऑनर’ हा सन्मान दिला. वयाची तिशीही आली नव्हती. एव्हाना एब्रारच्या गॅलरीत त्याची प्रदर्शनं नेमाने भरत होती, श्रीमंत लोक शिल्पं विकत घेत होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, पोराने नशीब काढलं.

बंदुकीसमोर पिंजरा

ऑगस्ट १९१४. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं. सप्टेंबरच्या अखेरीस अँटवर्पला वेढा पडला, तोफा धडधडू लागल्या.

आता विचार करा. शहराच्या मधोमध प्राणिसंग्रहालय. एखादा गोळा पिंजऱ्यावर पडला, गज तुटले आणि वाघ-सिंह रस्त्यावर आले तर? आणि माणसांनाच खायला नाही तिथे सिंहाला मांस कुठून आणायचं? व्यवस्थापनाने निर्णय घेतला. हिंस्र प्राण्यांना गोळ्या घालायच्या.

हे पहिल्यांदाच घडत होतं असंही नाही. १८७०-७१मध्ये पॅरिसला वेढा पडला होता तेव्हा उपाशी शहरात कॅस्टर आणि पोलक्स नावाचे दोन लाडके हत्ती मारून त्यांचं मांस विकलं गेलं होतं. माणसं भांडली की पिंजऱ्यातल्यांचा बळी जातो, हे जुनंच आहे. पण रेम्ब्रांटसाठी हे प्राणी म्हणजे इतिहासातला एक किस्सा नव्हता. वर्षानुवर्षं ज्यांच्या समोर तो बसला, ज्यांची प्रत्येक लकब त्याच्या बोटांना पाठ होती, ते एकेक करून मारले गेले.

संग्रहालयाच्या सभागृहात जखमी सैनिकांसाठी इस्पितळ उघडलं होतं. रेम्ब्रांट तिथे स्वयंसेवक म्हणून दाखल झाला. स्ट्रेचर उचलायचे, जखमी पोचवायचे. मरणारे सैनिक बहुतेक त्याच्यापेक्षा लहान, आज तुम्ही आहात त्या वयाचे. दिवसभर जखमी माणसं आणि बाहेर रिकामे पिंजरे.

ऑक्टोबरमध्ये अँटवर्प पडलं. रेम्ब्रांट तिथून निघाला आणि पुढे पॅरिसला परतला, पण आधीचा रेम्ब्रांट परतला नाही. तब्येत ढासळलेली. युद्धात शिल्पं कोण घेणार? पैशांची ओढाताण सुरू झाली. मित्र विखुरलेले, भावाचा कारखाना जर्मन हद्दीत अडकलेला. आणि मुख्य म्हणजे ज्यांच्याकडे बघून तो जगत आला होता ते बघण्याचं ठिकाणच उरलं नव्हतं. या काळात त्याने येशूच्या क्रुसावरच्या मरणाचं शिल्प केलं. आयुष्यभर माणसांकडे फारसा न वळलेला हात शेवटी वळला तो छळ सोसणाऱ्या देहाकडे.

८ जानेवारी १९१६ रोजी पॅरिसमधल्या आपल्या स्टुडिओत रेम्ब्रांटने आयुष्य संपवलं.

इथे जरा थांबू या. हळव्या कलावंतांचं असंच होतं, असं म्हणून या मरणाभोवती एक सुंदर धुकं पसरवायची आपल्याला सवय आहे. तसं करू नका. तो थकलेला, आजारी, एकटा पडलेला एकतीस वर्षांचा माणूस होता. जे बघितलं त्याबद्दल बोलायला त्याच्या काळात ना शब्द होते ना डॉक्टर. शंभरावर वर्षांनी आपल्याकडे निदान तेवढं आहे. तुमच्यापैकी कुणाला असं अंधारून आलं असेल, किंवा शेजारच्या बाकावरचा मित्र अलीकडे फार गप्प झाला असेल, तर बोला. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. अबोल असणं हा काही गुन्हा नाही, पण सगळं एकट्याने सोसणं ही काही सक्तीही नाही.

उरलं ते

रेम्ब्रांटने साधारण बारा-पंधरा वर्षांत तीनशेच्या आसपास शिल्पं केली. पुढे बराच काळ त्याचं नाव मागे पडलं, भावाच्या गाड्यांच्या आवाजात ते ऐकूही येईना. मग हळूहळू लोक पुन्हा बघू लागले. २०१४ साली, युद्ध सुरू झाल्याला बरोबर शंभर वर्षं होत असताना, बर्लिनच्या राष्ट्रीय कलादालनात त्याचं मोठं प्रदर्शन भरलं. ज्या देशाच्या तोफांनी अँटवर्प हादरलं, त्याच देशाच्या राजधानीत ते बिबटे आणि हत्ती मांडले गेले. आज लिलावात त्याच्या शिल्पांना कोट्यवधींची किंमत येते.

ती किंमत सोडून द्या. मला त्या ब्राँझकडे बघताना वेगळंच वाटतं. अँटवर्पमधला तो वाघ, तो सिंह यांची जन्मतारीख कुठे कोरलेली नाही, थडगं नाही. त्यांना जंगलातून उचलून आणलं माणसांनी, तिकीट लावून दाखवलं माणसांनी, घाबरून मारलंही माणसांनीच. आणि त्यांची एकमेव खूण उरली तीही एका माणसामुळेच, जो रोज येऊन त्यांच्यासमोर नुसता बसत होता. तो त्यांना सोडवू शकला नाही, वाचवूही शकला नाही. त्याने त्यांच्याकडे नीट बघितलं तेवढं मात्र वाया गेलं नाही.

आपण प्राणी रोज बघतो. मांजराचं रील, बिबट्याचा व्हिडिओ, कुत्र्यासोबतचा सेल्फी. तीन सेकंदांत लाइक टाकून पुढे सरकतो. एकदा रेम्ब्रांटचा प्रयोग करून बघा. तुमच्या कॉलेजच्या गेटवर एक कुत्रं झोपलेलं असतंच, त्याला सगळे कुठल्या ना कुठल्या नावाने हाक मारतात. मोबाइल बॅगेत ठेवून अर्धा तास त्याच्यापासून थोडं लांब बसा. ते कुठल्या कुशीवर झोपतं, कुणाची चाहूल लागली की फक्त एक कान हलवतं, कुणाला बघून उठून उभं राहतं. अर्ध्या तासाने तुम्हाला कळेल, की गेली दोन वर्षं तुम्ही त्याला बघितलंच नव्हतं.

आणि हो, बहुतेक तोवर त्यानेही तुम्हाला नीट बघून घेतलेलं असेल.